आमच्या जागी गेलेलं विमान

एकाहत्तरच्या युद्धात मी कॅनबेरा बॉम्बरवर नॅव्हिगेटर होतो. या विमानात माणसं दोनच. पायलट विमान चालवतो. नॅव्हिगेटर रस्ता सांगतो, आणि टार्गेट जवळ आलं की नाकात सरपटत जाऊन पालथा पडतो, काचेतून खाली बघत बॉम्ब सोडतो. माझे पायलट स्क्वाड्रन लीडर बक्षी. कमी बोलायचे.

आम्ही जात होतो आणि परत येत होतो. उतरलं की डीब्रीफिंग, चहा, झोप, पुन्हा ब्रीफिंग.

त्या दिवशी टार्गेट होतं शत्रूचा एक विमानतळ. सूर्य मावळताना निघायचं होतं. रूट मी आखला होता. डावं इंजिन सुरू झालं, उजवं होईना. बक्षींनी पुन्हा प्रयत्न केला. नुसता धूर.

"स्टारबोर्ड इंजिन, नो स्टार्ट," त्यांनी रेडिओवर सांगितलं.

"रॉजर. स्टँडबाय क्रू जाईल."

स्टँडबायला फ्लाइट लेफ्टनंट देवधर होते. त्यांचा नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर नायर धावत माझ्याकडे आला.

"सर, तुमचा चार्ट द्या. नवा काढायला वेळ नाही."

मी दिला. "तोफा उत्तरेला आहेत," एवढंच सांगितलं.

त्यांचं विमान वर गेलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

ते परतले नाहीत. तोफा दक्षिणेलाही होत्या. ब्रीफिंगमध्ये ते नव्हतं, चूक कुणाची नव्हती, असं बक्षी म्हणाले. मला ते कधी पटलं नाही. दोघांचे देह मिळाले नाहीत.

आता मी हॉलंडमध्ये डीमनला मुलीकडे राहतो. शेजारच्या मेव्राउ, म्हणजे श्रीमती, दे व्रीस नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, एक ब्रिटिश बॉम्बर त्यांच्या वडिलांच्या शेतात कोसळला होता. क्रूला गावानेच पुरलं. वडील दरवर्षी तिथे फुलं न्यायचे, आता त्या नेतात. या मे महिन्यात मला आणि माझ्या नातीला, सईला, त्यांनी सोबत नेलं.

थडग्यांपाशी त्या डचमध्ये काहीतरी बोलल्या.

"आजोबा, शी इज आस्किंग, तुमचं कोण गेलं?"

"दोघं. आमच्या जागी गेले."

सई थांबली. "शुड आय टेल हर दॅट?"

"सांग."

मेव्राउंनी ऐकून घेतलं. हातातली अर्धी फुलं मला दिली. एका दगडावर नाव होतं, वय तेवीस, आणि 'नॅव्हिगेटर' असं कोरलेलं. नायर चोवीसचा होता. माझे गुडघे वाकेनात. सईने दंड धरला, तेव्हा फुलं ठेवता आली.

मग ताठ उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "फ्लाइट लेफ्टनंट देवधर. फ्लाइंग ऑफिसर नायर."