पेट्रोलचा नवस

ही फजिती तुम्हाला सांगावी की नको, याच विचारात होतो. पण रशीदभाईकडून ती तिखटमीठ लावून तुमच्या कानावर येणारच. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी. बशीत ओता, लाजू नका.

सास्तूरला आमची पिठाची गिरणी आहे. लोक डबा ठेवतात आणि नंबर येईपर्यंत बसतात. बसलेला माणूस कधी गप्प राहतो का? मग मीही बोलतो. पट्ट्याच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा आवाजच तसा झालाय. घरात "पाणी दे" म्हणालो तर शेजारच्या घरातून तांब्या येतो!

आम्हाला एकच मुलगा, बालाजी. दोन वर्षं झाली, आखातात एका तेलाच्या कंपनीत आहे. जाताना मोटारसायकल अंगणात लावली आणि म्हणाला, "आप्पा, रोज जरा चालू करत जावा, न्हायतर बॅटरी बसंल." बस, एवढंच बोलून गेला.

मला गाडी येत नाही. एकदा शिकायला बसलो होतो, तो थेट कडब्याच्या गंजीत जाऊन उतरलो. पण चालू करायला जमतं. रोज सकाळी किक मारतो. गाडी जागेवरच भुरभुर करते आणि मी शेजारी उभा राहतो. आत भाकरी थापणारी माझी बायको सुमन तो आवाज ऐकून अजून दारापर्यंत येते. मला बघते आणि परत आत जाते.  

आता जागेवरच्या गाडीला पेट्रोल लागतं का? लागतं हो! म्हणून मी बाटली घेऊन पंपावर जातो. कुठंच न जाणाऱ्या गाडीसाठी पेट्रोल आणणारा शहाणा आख्ख्या लोहारा तालुक्यात मी एकटाच असेन.

तर एक दिवस रशीदभाई गिरणीत आला. त्याची टमटम आहे. त्याचा भाचाही आखातात होता, तो बाडबिस्तरा घेऊन परत आला होता.

"आप्पा, जगात तेल लई झालंय म्हनतेत," रशीदभाई म्हणाला. "काढायलेत तेवढं कुणी घेईना. भाव पडला की कंपन्या मानसं घरी धाडतेत. हमारा भांजा आया ना वापस! तुमच्या बालाजीचं काय?"

"काय की बाबा," मी तोंड पाडून म्हणालो. पण मनात? मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या!

बाप असून पोराची नोकरी जावी असं वाटतं, असं तुम्ही म्हणाल. वाटलं हो. खोटं कशाला बोलू? तसा दिवाळीला तो महिनाभर येणार होता, सुट्टी मंजूर झाली होती. पण महिनाभर म्हणजे काय? सुरुवातीचे दिवस पाव्हण्यारावळ्यांचे, शेवटचे दिवस बॅगा भरायचे, आणि मधले आपण 'आता जाईल, आता जाईल' करत घालवायचे. मला तो रोजच्या ताटावर पाहिजे होता. समोर बसून भाकरी कुस्करणारा, कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरणारा. त्या कुरकुरीला कान आसुसलेत, काय सांगू!

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो. हात जोडले आणि म्हणालो, "आई भवानी, तेल अजून उतरू दे! पार मातीमोल होऊ दे! पायी येतो तुळजापूरला!"

पुढचं वाक्य, 'माझं लेकरू कायमचं घरी येऊ दे', हे मात्र हळूच म्हणालो. सुमनला ऐकू गेलं तर ती काय म्हणेल, याची धास्ती होती. आणि तिथंच घात झाला! कारण दारात गव्हाचा डबा घेऊन रशीदभाई उभा होता. गिरणीच्या आवाजातलं तेवढं त्यानं ऐकलं, आणि हळूच म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

"वा आप्पा, वा! गरिबासाठी नवस बोलले!"

दुपारपर्यंत गावभर झालं. पेट्रोल स्वस्त व्हावं म्हणून गिरणीवाले आप्पा तुळजापूरला पायी जाणार! गिरणीत जो येईल तो पाया पडायला लागला.

"आप्पा, डिझेलचं बी बोला की," एक ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"खताचं राह्यलंच की वो!"

"आप्पा, सोन्याचं कायतरी बघा," लग्न ठरलेला एक पोरगा म्हणाला.

आणि आमची सुमन! तिच्या डोळ्यांत पाणी. "गावासाठी एवढं मनात होतं तुमच्या? मला वाटायचं, पट्ट्याबिगर तुमाला काय दिसतच न्हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको पहिल्यांदा माझ्याकडं अशी बघत होती. आता तिला खरं सांगायचं का? तुम्हीच सांगा! मी गप्प बसलो.

गप्प बसलो, पण हात गप्प बसेनात. बालाजीच्या खोलीला रंग देऊन घेतला. गिरणीत एका बाजूला मिरची कांडपासाठी जागा मोकळी केली. आला की पोरानं नुसतं बटण दाबायचं! सुमन विचारायची, "हे कशाला?" मी म्हणायचो, "उगीच."

बातम्यांत तेल रोज पडत होतं. पंपावरचा आकडा मात्र जागचा हलेना. मी बाटली घेऊन जायचो आणि त्या आकड्याकडं टक लावून उभा राहायचो.

"ते तिकडं पडतंय आप्पा, इकडं न्हाय पडत," पंपावरचा माणूस म्हणाला.

"मग मधी कुठं अडकतंय?"

"ते कळलं असतं तर मी हितं नळी धरून उभारलो असतो का?"

आणि एका सकाळी आकडा उतरला! फार नाही, जरासाच. पण गावाला तेवढं पुरलं. हलगी वाजवत लोक दारात आले. गळ्यात हार पडला. "चला आप्पा, नवस फेडायचा!"

निघालो. मी पायी, आणि मागं कोण? मोटारसायकली! पेट्रोल स्वस्त झालं होतं ना! ज्यानं नवस बोलला तो एकटा पायी आणि बाकी सगळे फटफटीवर! पुढं जायचे, चहा प्यायचे आणि 'आप्पा कुठवर आले' हे बघायला परत यायचे. बायका रशीदभाईच्या टमटममध्ये गाणी म्हणत चालल्या होत्या. सुमन सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

"बसा की आप्पा जरा. देवी काय बघायलीय व्हय?" रशीदभाई टमटम हळू करून म्हणाला.

"रशीदभाई, देवी बघती."

बसलो नाही. तळपायाला फोड आले, फुटले, परत आले. वाटेत मुक्काम केला तर सकाळी उठताना चारजणांनी उभं करावं लागलं. पण खरं सांगू? मला फोडागणिक बालाजी जवळ येतोय असं वाटत होतं. सोलापूरकडून एसटी आली की मी खिडक्यांमधली तोंडं बघायचो. पोरगा तिकडं समुद्रापलीकडं आणि मी इकडं एसटीत शोधतोय. हसा, हसा! मलाही आता हसू येतं.

तुळजापूरला पोचलो. कठडा धरून धरून पायऱ्या उतरलो, दर्शन घेतलं. आईपुढं उभा राहिल्यावर तेल आठवलं नाही, पेट्रोल आठवलं नाही. नुसतं पोराचं नाव घेतलं आणि बाहेर आलो. एका दुकानाच्या कट्ट्यावर बसलो. सुमन माझ्या पायाला हळद लावायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल, बालाजीचा!

सगळं गाव माझ्या खांद्यावरून डोकावलं. पोराच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि तोंड उन्हानं रापलेलं.

"आप्पा, पेढे वाटा!"

"नोकरी गेली?" मी इतक्या आनंदानं विचारलं की रशीदभाईनं चमकून माझ्याकडं बघितलं.

"जातीय कशानं? बढती मिळाली!"

"अरे, पण तेल तर पडलंय की! मानसं घरी धाडायलेत ना?"

"ते विहिरी खोदणारे गेले, आप्पा. आमी टाक्यांवरले. तेल एवढं झालंय की ठेवाय जागा न्हाय. समद्या टाक्या काठोकाठ भरल्यात. रोज मोजावं लागतंय, गळतंय का बघावं लागतंय. भाव जेवढा पडंल तेवढं आमचं काम वाढतंय. सायब म्हणला, तुझ्याबिगर चालायचं न्हाय."

"आन् दिवाळी?" सुमननं विचारलं. हळदीचा हात तसाच धरलेला.

पोरानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "दिवाळीची सुट्टी रद्द झाली, आई."

बस! माझं डोकंच फिरलं. गावाचं भान राहिलं नाही, हातातल्या फोनचं तर नाहीच.

"आगं, म्या नवस केला होता त्याची नोकरी जावी म्हणून! तेल उतरलं की घरी धाडतील म्हणून! आन् तेल उतरलं तर हातची सुट्टी बी गेली!"

हे सगळं गिरणीच्या आवाजात. माझ्या नवसाचा खरा अर्थ सगळ्या तुळजापुराला कळला. ट्रॅक्टरवाल्यानं माझ्या गळ्यातल्या हाराकडं असं बघितलं, की आता परत मागतो की काय!

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता चारचौघांत निघतेय आपली.

"मला तरी सांगायचं होतं की," ती एवढंच म्हणाली. "मी बी चालत आले असते." आणि पदर डोळ्याला लावला.

मी पायाच्या फोडांकडं बघत बसलो. दुसरीकडं बघायची सोयच नव्हती.

फोनमधून आवाज आला, "आप्पा."

अरे देवा! हा अजून होताच.

"आप्पा, तुमी सास्तूरहून चालत गेलाव? ह्याच्यासाठी?" त्यानं फोन तोंडाजवळ आणला. "मला नुस्तं 'ये' म्हणायचं की. दोन वर्षांत एकदा तरी म्हणलाव का?"

मी आठवून बघितलं. पगार झाला का विचारलं होतं. ऊन किती आहे, तब्येत कशी आहे, हेही विचारलं होतं.

"आता म्हणा," बालाजी म्हणाला. "तुमी म्हणा, मी बढती सोडून येतो."

 सुमननं माझा गुडघा गच्च धरला. रशीदभाई कानात कुजबुजला, "बोलो ना आप्पा! एकच अक्षर हाय!"

मी तोंड उघडलं. ओठ हलले. घसा खाकरला, परत खाकरला.

आणि म्हणालो, "तिकडं पेट्रोल काय भाव हाय रे?"