कोणालाच न सांगितलेला शब्द

भुताखेतांवर विश्वास असता तर मी नर्स झालेच नसते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शवागाराची किल्ली माझ्याकडे असायची. लोक विचारायचे, ‘सिस्टर, तुमकां भंय दिसना?’ मी सांगायचे, मेलेल्यांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो जिवंतांनी, आणि त्यातही वरिष्ठांनी! हे आधीच सांगून टाकते, कारण या सदरात पिंपळाखालची बाई वगैरे वाचायची सवय असलेल्यांची निराशा होईल. माझा अनुभव भर उन्हातला आहे, आजूबाजूला शंभरेक माणसं असतानाचा.

मी मूळची पेडणे तालुक्यातली, हरमलजवळच्या एका वाड्यावरची. नर्सिंगची फी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमसुलं आणि काजू विकून भरली. घासाघीस करायला तिथंच शिकले, आणि तोंडानं तिखट व्हायलाही. पुढे डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात बदली झाली. केंद्राचं नाव देत नाही, कारण त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत.

पूर, दरड, बसचा अपघात... एकाच वेळी खूप जखमी आले तर डॉक्टर-नर्सनी काय करायचं, याचं प्रशिक्षण त्या भागात मी कित्येक वर्षं देत होते. हाताखाली शिकलेल्या मुली आज अर्ध्या गोव्यात आहेत. पण जेव्हा ‘मास्टर ट्रेनर’ नेमायची वेळ आली, तेव्हा बाहेरून एक डॉक्टर आणले आणि पत्रकावर माझ्या नावापुढे छापलं — ‘स्थानिक सहाय्यक’. म्हणजे चहाला किती कप सांगायचे ते बघणारी! डॉक्टर माणूस वाईट नव्हता, शिकवायचाही छान. पण माझं डोकं तेव्हा फिरलं ते फिरलंच.

शेवटच्या दिवशी मोठी रंगीत तालीम होती. जागा — बंद पडलेल्या एका खाणीचं आवार. एका बाजूला जुनं ऑफिस, दुसऱ्या बाजूला पत्र्याची लांब शेड, मागे पाणी साचलेला खोल खड्डा. एप्रिल महिना, वेळ दुपारी बाराच्या सुमाराची. दरड कोसळली आहे असं धरायचं. कॉलेजची आणि नर्सिंगची मुलं जखमी म्हणून पडणार, आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टर-नर्स त्यांना तपासून मनगटाला पट्ट्या बांधणार. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालता येतं, आणि काळी म्हणजे गेला. काळी बांधली की पुढं जायचं, परत बघायचं नाही. जे वाचू शकतात त्यांच्यासाठी हात मोकळे ठेवायचे, असा तो नियम.

नकली रक्ताचं किट डॉक्टरांनी परगावाहून मागवायचं ठरवलं होतं. किंमत ऐकून मी म्हटलं, “एवढ्यात तर खरं रक्त मिळेल!” डिचोलीच्या बाजारातून कोकमाचं आगळ घासाघीस करून आणलं, त्यात तांदळाचं पीठ कालवलं. डॉक्टर हसले, पण खूश झाले. आणखी एका गोष्टीवर मी अडून बसले. अँब्युलन्समध्ये रिकामे खोके नकोत, खरी औषधं हवीत. “अहो सिस्टर, तालीम आहे ही,” डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, “माणसं खरीच आहेत ना?”

आता तो शब्द.

तालमीत कोणाला खरंच काही झालं तर? ‘मला खरंच दुखतंय’ असं ओरडणाऱ्याला सगळे म्हणणार, वा, काय अभिनय! म्हणून एक ठरलेला शब्द असतो. तो कानावर पडला की तालीम जागच्या जागी बंद. सकाळच्या बैठकीत आम्ही ‘फणस’ ठरवला. अर्ध्या तासात तो पोरांपर्यंत पोचला! आगळ लावून घेत बसलेली कॉलेजची मुलं एकमेकांना हाका मारायला लागली, “फणस रे फणस! कापो काय रसाळ?” मी तिथंच सगळ्यांची चामडी लोळवली आणि ठरवलं की शब्द बदलायचा.

बदललाही — मनातल्या मनात. ‘पोदेर आयलो.’ पोदेर म्हणजे आमच्याकडे सायकलवरून पाव विकायला येतो तो. तो सकाळी येतो, संध्याकाळी येतो. भर दुपारी ओसाड खाणीत पोदेराचं नाव कोण काढणार? डॉक्टरांना सांगायला निघाले, तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी वेळेआधीच फाटकात शिरली. डॉक्टर तिकडे धावले आणि शिट्टी वाजली. शब्द माझ्या डोक्यातच राहिला. मी तो कोणालाही सांगितला नव्हता. कुठं लिहिला नव्हता, पुटपुटलेही नव्हते. हे मी देवावर हात ठेवून सांगेन.

तालीम सुरू झाली. नेहमीप्रमाणे आधी कर्ण्यावरून हाक दिली — ज्यांना चालता येतं त्यांनी हिरव्या झेंड्याकडे यावं. झेंड्यापाशी मी उभी होते. कण्हत, लंगडत, मध्येच हसत मुलं आली. ती सगळी बसल्यावर मागून आणखी एक माणूस आला. पन्नाशीचा, काटकुळा, खाकी अर्धी चड्डी, उघडा. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, ओला. अंगावर आगळाचा थेंब नाही, मनगटाला पट्टी नाही. मला वाटलं, गावातला कोणी तमाशा बघायला आलाय.

“बस थंय,” मी हिरवी पट्टी पुढे केली.

“माका नाका ती,” तो म्हणाला. आवाजात गडबड नाही, काही नाही. मग अगदी सहज म्हणाला, “बाय, पोदेर आयलो.”

मी आधी काय केलं असेल? भडकले! “कोणें सांगलें तुका हें? खंय आयकलें?”

“शेडीच्या फाटल्यान चेडू आसा,” तो म्हणाला. “बेगीन वच.”

बाकीचा विचार पळतानाच सुचला, की आपण हे कोणाला सांगितलंच नव्हतं. पण शब्द ऐकला की थांबायचं, हा नियम मीच शेकडो जणांना शिकवलेला. मी ओरडले, “तालीम बंद! बंद!” आणि शेडमागे धावले. मागून डॉक्टरांचा आवाज आला, “सिस्टर, काय चाललंय? पाहुणे आहेत!”

शेडमागे सावलीत अक्षता पडली होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली मुलगी, मनगटाला काळी पट्टी. ती बरोबरच बांधलेली होती, कारण तिची भूमिकाच मेलेलीची होती. म्हणून दोन-तीन जण तिच्यावरून पुढं गेले होते. एकानं तर म्हणे कौतुक केलं, ‘कशी गप्प पडल्या पळय!’ मी हात लावला. अंग गार, घामानं निथळतंय, कपाळावरचं नकली रक्त वाहून गेलेलं. हाक मारली, चिमटा काढला... काही नाही. श्वास होता, घरघर लागलेला.

“गोकुळ, गाडी हाड!” आमचा अँब्युलन्स ड्रायव्हर गोकुळ फाटकापाशी होता. त्यानं गाडी सरळ झेंड्यांच्या दोऱ्या तोडत आणली. मी तिच्या बोटातून थेंब काढून साखर मोजली. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं ‘लो’. आकडा दाखवण्याइतकीही साखर उरली नव्हती. एव्हाना डॉक्टर येऊन गुडघ्यांवर बसले होते. शीर मी शोधली, औषध त्यांनी दिलं. त्या वेळी आमच्यात मास्टर कोण आणि सहाय्यक कोण, हे दोघांनाही आठवलं नाही.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. भोवती एवढी तोंडं बघून घाबरली आणि मला विचारलं, “सिस्टर, हांव हाललें काय?”

मेलेलीनं हलायचं नाही असं तिला सांगितलं होतं ना! मी तिला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या... आणि तिचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

पोरीला मधुमेह होता आणि तिनं तो नर्सिंगच्या शाळेत लपवला होता. घरी लग्नाचं बोलणं चाललेलं, बातमी फुटायला नको म्हणून. सकाळी इन्सुलिन टोचून आली आणि नाश्ता पाहुणे गेल्यावर देणार होते. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर ती काळी पट्टी सोडायची गरज पडली नसती.

मग मी त्या माणसाला शोधायला गेले. झेंड्यापाशी बसलेल्या मुलांनी मला कोणावर तरी ओरडताना ऐकलं होतं, पण सगळी पाहुण्यांकडे बघत होती. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, असा कोणी आत आला नाही, बाहेर गेला नाही. आवाराला दुसरी वाट नाही. आणि तो ओला चिखल? भर एप्रिलमध्ये आवारात धुळीशिवाय काही नव्हतं. पाणी फक्त खड्ड्याच्या तळाशी, आणि तिथं उतरायची सोय नाही.

गोकुळला विचारलं. त्यानं आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाला, “पळयलो सिस्टर. फाटल्यान पळयलो. म्हाका दिसलें, तुमच्यातलोच कोण.” म्हणजे त्यानंही तो माणूस पाठमोरा पाहिला होता!

“मग हें बरोवन दी.” मला ते लेखी हवं होतं.

“बरोवन? ना गे बाय. म्हाका पेन्शन जाय!”

संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “पण शब्द फणस होता, सिस्टर. पोदेर हा शब्द मी आत्ता पहिल्यांदा ऐकतोय.” मी म्हटलं, “तेच तर सांगतेय मी!” त्यांनी हातातला अहवालाचा कागद पुढे केला. मग म्हणाले, “असं करू. काळ्या पट्टीच्या रुग्णांना तुम्ही स्वतःहून परत तपासलंत, असं लिहून द्या. ते कौतुकाचंच आहे. तुमचं नाव मास्टर ट्रेनरसाठी मी स्वतः पाठवतो. फक्त तो माणूस नको त्यात.”

जन्मभर भाव करत आले मी. एवढा चांगला भाव मला कोणी दिला नव्हता. पण मी भावात घासाघीस करते, मालात नाही. जे झालं तेच लिहून दिलं, तो माणूस धरून. मास्टर ट्रेनर दुसऱ्याच बाई झाल्या. माझ्याबद्दल शेरा पडला, ‘उन्हाचा त्रास झाला असावा, विश्रांतीची गरज.’

पुढच्या आठवड्यात अक्षताचे आईवडील शहाळी घेऊन आले. मी आईला त्या माणसाचं वर्णन सांगितलं. खरं सांगते, मला वाटलं ती रडेल, म्हणेल आमचा अमका होता, खाणीत गेला. ती नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली, “आमच्या घरांतलो कोण खाणीर कामाक गेलोच ना, बाय. हाचो बापूय बँकेंत आशिल्लो, आनी हो हांगा उबो आसा.” शेजारी नवरा मान हलवत होता. त्यांच्याही ओळखीचा कोणी नव्हता.

अक्षता आता वाळपईकडे स्टाफ नर्स आहे. डबा वेळेवर खाते, इन्सुलिन सगळ्यांसमोर टोचते, लग्नही त्याच मुलाशी झालं. मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तालमीत काळ्या पट्ट्या बांधून झाल्या की एकाला परत पाठवून सगळ्यांना पुन्हा हात लावायला लावायचे. नियमात बसत नाही म्हणून वाद झाले, पण मी ऐकलं नाही.

तो कोण होता, मला माहीत नाही. माझ्या डोक्यातला शब्द त्याच्या तोंडी कसा आला, तेही नाही. खूप विचार केला, उत्तर मिळालेलं नाही, आणि उगाच काहीतरी जोडून सांगणार नाही. राहिला उन्हाचा त्रास. असेलही! भास झाला असेल मला. पण मग त्या दिवशी खाणीत जमलेल्या आम्हा सगळ्या शिकलेल्यांपेक्षा त्या भासाला रुग्ण बरा ओळखता येत होता, एवढं तरी लिहा म्हणावं त्या अहवालात.