विमानाची टाकी

आमच्या ट्रकला दुसरी टाकी बसवायचं ठरलं, तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. शीळफाट्याजवळच्या आमच्या गावातून वडील गवताचे भारे ठाण्याला पोचवत. त्यासाठी महायुद्ध संपल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक घेतला होता. चारही चाकांना जोर असलेला तो गडी चिखलातून, ओढ्यातून, कुठूनही निघायचा. पण पेट्रोल असं प्यायचा, की परतीच्या वाटेवर हमखास पंपापासून लांब कुठेतरी बसकण मारायचा. पहिली टाकी संपली की दुसरीवर चालेल, अशी एक जोडटाकी हवी होती.

आमचा ड्रायव्हर युद्धात असलेच ट्रक चालवून आलेला. त्याने कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे दोन टाक्या हेरून ठेवल्या. "विंग्रजी लिवलंय त्यांवर, तू वाच," म्हणत वडिलांनी मलाही सोबत घेतलं.

एक टाकी चपटी, चौकोनी, तसल्याच ट्रकची. दुसरी लांबोडकी, टोकांना निमुळती, थेट विमानाच्या पोटाखालची. चपटीकडे वडिलांनी ढुंकूनही पाहिलं नाही. विमानाच्या टाकीवर ते बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा हात फिरवू लागले.

"ही आभालात जाऊन आलीय, बाय! गावात कोनाच्या गारीला हाय अशी?"

ड्रायव्हर माझ्या कानाशी आला. "ताई, ही नको. आत पत्र्याचे पडदेच नाहीत. पेट्रोल नुसतं डचमळत राहील."

वडिलांना 'नको' म्हटलं की ती वस्तू घरी आलीच म्हणून समजा. म्हणून मी टाकीवरची झिजलेली अक्षरं निरखली आणि वर्गातल्या आवाजात वाचलं, "ही टाकी जमिनीवर वापरू नये. गवताजवळ तर मुळीच नेऊ नये."

वडिलांनी डोळे बारीक केले. "दोनच तर शबुद हायेत. एवरा सगला त्यात?"

"इंग्रजीत थोडक्यात लिहितात, बाबा."

"बाई," भंगारवाला शांतपणे म्हणाला, "तिथं फक्त 'डावी बाजू' लिहिलंय."

ड्रायव्हर पाठ करून खोकायला लागला. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेतली नोकरी त्या क्षणी सुटली असंच मला वाटलं.

आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हटलं, "बरं, चुकलं. पण पाणी घालून बघा तरी."

भंगारवाल्याची हातगाडी होती. विमानाची टाकी तिच्यावर बांधली, आत चार बादल्या पाणी ओतलं. वडील पुढे होऊन दांडा धरून ऐटीत निघाले. "थांबा!" मी ओरडले. ते थांबले. गाडीही थांबली. आतलं पाणी मात्र थांबलं नाही. ते धाडकन पुढच्या टोकावर आदळलं, गाडीने वडिलांना मागून ढुशी दिली आणि ते जुन्या टायरांच्या ढिगात बसले. धोतर सावरत उठले, चपटी टाकी गाडीवर चढवायला लावली, तिच्यातही चार बादल्या पाणी ओतायला लावलं आणि पुन्हा निघाले. या वेळी "थांबा" त्यांनी स्वतःच म्हटलं. आत जरा चुबुक झालं, बस्स.

"हीच पायजेल," ते भंगारवाल्याला म्हणाले. "मी तवाच वलखलं व्हतं."

आठवड्याभरात टाकी बसली. पहिली संपली की दुसरी चालू करायला ड्रायव्हरने सीटखाली एक कॉक, म्हणजे फिरवायची तोटी, लावला. पहिल्या फेरीला वडील माझ्या आणि ड्रायव्हरच्या मधे बसले. मुंब्र्याच्या पुढे इंजिन गुरगुरलं, ड्रायव्हरने कॉक फिरवला, ट्रक पुन्हा जोरात निघाला. वडील इतके खूश झाले, की आता मी फिरवतो म्हणाले. एकदा इकडे, एकदा तिकडे, मग बरोबर मधोमध. ट्रक खोकला आणि चढावर थांबला.

"काय झाला रं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बंद केल्यात काका तुम्ही."

वडिलांनी माझ्यावरून हात घालून दार उघडलं. मग मला म्हणाले, "उतर बाय. गरम झाली असंल. जरा इसावा घेऊ दे तिला."

ड्रायव्हरने कॉक सरळ केला आणि ट्रक थंड करायचं सोंग म्हणून बॉनेट उघडून ठेवलं. आम्ही दोघं बाप-लेक, तो हाक मारेपर्यंत, रस्त्याच्या कठड्यावर बसून झाडाखाली पडलेल्या चिंचा खात राहिलो.