घोंगडीचा झेंडा

विट्याच्या स्टँडवर औंधच्या गाडीची वाट बघताना एक कॉलेजातली पोरगी रोज माझ्या बाकावर येऊन बसायची. मांडीवर पुठ्ठा आणि त्यावर बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक. टेबलावर मांडून खेळायच्या लढाईसाठी तिनं मनातल्या मनात एक राज्यच उभं केलं होतं, आणि त्याच्या फौजेचे झेंडे ती कागदावर रंगवायची. रंगवताना श्वास रोखून धरायची, मग झेंड्यावर हलकेच फुंकर घालायची.

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. झेंड्यावर वाघ नाहीतर तलवार असणार, असं धरूनच चाललो होतो. एकदा वाकून पाहिलं, तर झेंडा सगळा काळा आणि त्याला पांढरी किनार. आमची धनगरी घोंगडी.

“शत्रू कोन हाय गं तुज्या फौजेचा?” मी विचारलं.

ब्रश न थांबवता ती म्हणाली, “आवं काका, त्यो अजून ठरला न्हाई. आदी आपून कोन, त्ये झेंड्यावर दिसू द्या.”

थंडीत बाक गार लागतो म्हणून मी रोज घोंगडी खाली अंथरून बसायचो. त्या दिवशी उठलो, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि तसाच गार बाकावर ताठ बसलो.