चार भाज्यांचे तीनशे चोवीस आठवडे

आमच्या काकांना गणिताचा नाद, आणि त्याची शिक्षा साऱ्या कारखान्याला. तिथलं कॅन्टीन ते चालवायचे. आचारीही तेच, वाढपीही तेच. मी पॅकिंगला असल्यामुळे ते शिजवतील ते निमूट गिळणं पुतणी म्हणून माझ्या नशिबी होतं.

काकांकडे भाज्या चारच: बटाटा, कोबी, दुधी, फरसबी. नियमही एकच, कालची भाजी आज नाही. "रोज तेच काय?" असं कुणी म्हटलं की काका झारा उगारून सुरू व्हायचे. "आठवडा पाच दिवसांचा. सोमवारी चारांतली कुठलीही. पुढचे चार दिवस कालची सोडून उरलेल्या तिनांतली एक. चार गुणिले तीन, गुणिले तीन, गुणिले तीन, गुणिले तीन. तीनशे चोवीस वेगवेगळे आठवडे! सहा वर्षांत एक आठवडा जरी पुन्हा आला असेल, तर नाव बदलून ठेवीन."

यंदा कंत्राट संपत आलं आणि एका शुक्रवारी आम्ही जेवत असताना मॅनेजरबाईंनी काकांना कॅन्टीनमध्येच गाठलं. तक्रारी फार झाल्या होत्या. काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं घाटत होतं. काकांनी गणित मांडलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं, मग म्हणाल्या, "डोळे मिटा आणि आ करा." फ्रीजमध्ये आठवडाभराच्या उरलेल्या भाज्या होत्या, त्यांतलीच एक त्यांनी चमचाभर काकांच्या तोंडात घातली.

"दुधी!" काका छातीठोकपणे म्हणाले.

बटाटा होता.

"सगळ्यात वाटण एकच घालता," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः इथलं जेवता तरी का?"

"छे! मला घरून हिचा डबा असतो."

मी कपाळावर हात मारला.

"सोमवारपासून डबा बंद. आठवडाभर इथेच जेवा, मग कंत्राटाचं बघते."

काकांचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं बिचाऱ्यांनी जीव तोडून मोजलं होतं, चाखलं मात्र कधी नव्हतं.

सोमवारी ते आमच्या टेबलावर बसले. बटाटा. मंगळवारी कोबी. बुधवारी दुधीचा पहिला घास घेतला आणि काकांनी ताट पुढे ढकललं. स्वयंपाकघराकडे बघत ते कडाडले, "कोण आहे रे आत? रोज तेच तेच काय खायला घालतोस?"

आत कोण असणार? आचारी तर बाहेर जेवत होता.

पलीकडच्या टेबलावरून बाई म्हणाल्या, "पोचली एकदाची तक्रार! कंत्राट तुमचंच. आता उठा, आणि ते वाटण बदला."