अंगी लागायची खोली

आमच्या संशोधन विभागात एक खोली आहे. तिचं कागदावरचं नाव इतकं लांबलचक आहे की ते म्हणेपर्यंत चहा गार होतो. आम्ही तिला ‘अंगी लागायची खोली’ म्हणतो. खाल्लेलं कोणाच्या किती अंगी लागतं, ते तिथे कळतं म्हणून. आत एक पलंग, टेबल, खुर्ची, पडद्याआड बेसिन आणि संडास, आणि एका भिंतीत मोठी काच. दार लावलं की रबरी पट्टीने घट्ट बसतं. एका नळीतून हवा आत जाते, दुसरीतून बाहेर येते. बाहेर आलेल्या हवेत काय घटलं, काय वाढलं, त्यावरून आतल्या माणसाने किती अन्न जाळलं ते माझ्यासमोर रेघ होऊन उमटतं. जेवण भिंतीतल्या दोन झडपांच्या खिडकीतून आत जातं, तोलून. उरलं तर परत येतं, तेही तोलून.

ही खोली सांभाळता सांभाळता माझे केस पिकले, पण त्या रेघेची नवलाई काही सरली नाही. माणूस नुसता पडून छताकडे बघत असतो, आणि आत काळीज, मेंदू, यकृत, कोणालाच सुट्टी नाही. सगळे आपापल्या कामावर. मी चटकन भारावणाऱ्यांतली नव्हे, उलट तोंडाने फटकळ म्हणूनच माझी ख्याती. तरी कधी कधी काचेपलीकडच्या झोपलेल्या माणसाकडे बघून माझ्या अंगावर काटा येतो.

पडदेवाली या खोलीत आली ती शिडीवरून. म्हणजे खरंच शिडीवरून. आमच्या बाह्यरुग्ण विभागात ती नवे पडदे लावत होती. पडदे शिवणं आणि लावणं हाच तिचा धंदा. खिडकीकडे डोळे बारीक करून बघायची आणि टेप न लावता माप सांगायची, मग टेप लावून स्वतःवरच खूश व्हायची. अंगाने चांगली दणकट, भरलेली, आणि शिडीवर मात्र खारीसारखी. वरून तिला फलकावरची आमची सूचना दिसली: वर्षानुवर्षं खाणं कमी करत आलेल्यांच्या शरीराचा अभ्यास करायचा आहे, स्वयंसेवक हवेत. ती तोंडातल्या टाचण्या न काढताच खाली उतरली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

“ताई, मला घ्या,” ती म्हणाली. “फक्त एक करा. मी खोटं बोलत नाही, एवढं माझ्या आईला लिहून द्या.”

“आधी टाचण्या काढा,” मी म्हटलं. “गिळल्यात तर त्याही अंगी लागतील.”

ती इतकी हसली की मला टाचण्यांचीच धास्ती वाटली.

तिची हकिगत तिने हसत हसतच सांगितली. आई एका शाळेच्या भटारखान्यात मुख्य स्वयंपाकीण. घरी दोन मुलं, ही आणि हिचा धाकटा भाऊ. भाऊ काठीसारखा. कितीही खाल्लं तरी त्याच्या अंगी लागत नाही, म्हणून त्याच्या ताटात दुप्पट. ही लहानपणापासून गुबगुबीत, म्हणून हिच्या ताटात निम्मं. निम्मं खाऊनही ही तशीच, तेव्हा आईने एकच अर्थ काढला: पोरगी चोरून खाते. घरात काही संपलं की सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे. मोठी झाल्यावर हिने स्वतःच उपासमार मांडली. कधी नुसतं सूप, कधी उकडलेल्या भाज्या, कधी काहीच नाही. वजन उतरायचं, आणि पाठ फिरवली की परत यायचं. “भावाच्या जेवण अंगी लागत नाही,” ती म्हणायची, “आणि माझ्या नुसता वास लागतो.”

आता भाऊ दुसरीकडे राहत होता आणि म्हातारी हिच्याकडे. हिच्याच कमाईवर, हिच्याच घरात, हिच्याच हातचं खाऊन म्हातारी अजून शेजारणींना सांगायची, “समोर बघा कशी चिमणीएवढं खाते. पाठीमागे काय करते ते देवालाच ठाऊक.” पडदेवालीची बारीक व्हायची हौस केव्हाच सरली होती. आई आता थकली होती. ती जाण्याआधी एकदा तिने आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच तिला हवं होतं.

आमच्या मॅडमनी, म्हणजे संशोधन चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी, तिला स्पष्ट सांगितलं, “कोण खरं, कोण खोटं, ते आम्ही लिहून देत नाही. जे मोजलं जाईल तेच सांगू. ते तुमच्या विरुद्ध गेलं तरी सांगू.”

“विरुद्ध जाऊ दे,” ती म्हणाली. “पण मोजा तरी एकदा.”

आधी काही आठवडे तिला वॉर्डात ठेवलं. रोज जेवढं खाते असं ती म्हणाली होती, तेवढंच तिला दिलं, कणाकणाने तोलून. हिशेब सरळ होता. घरी ती लपून जास्त खात असेल, तर इथे वजन घसरायला हवं. वॉर्डातल्या नर्स पैजा लावून बसल्या. वजन जागचं हललं नाही. मग तिला माझ्या खोलीत आणलं.

शिवणकाम आत नेऊ का, म्हणून तिने विचारलं. बसल्या जागी दुमड घालण्यापुरतं मॅडमनी चालवून घेतलं. ती दिवसभर काचेपलीकडे बसून कुठल्याशा हॉटेलच्या पडद्यांना टाके घालत होती आणि मध्येच आतल्या फोनवरून मला विचारत होती, “ताई, जळतंय ना नीट? का विझले?”

सकाळी कामावर आले आणि रात्रभराची रेघ बघितली, तर मी खुर्चीतून उठलेच. तिच्या उंचीच्या, वजनाच्या बाईची झोपेतली रेघ जिथे असायला हवी, त्याच्या कितीतरी खाली. मी म्हटलं, झालं, नळी कुठेतरी गळतेय. मॅडमही तेच म्हणाल्या. तंत्रज्ञ आला, त्यानेही तेच सांगितलं. जन्मात पहिल्यांदा संशय तिच्यावर न जाता नळीवर गेला होता, आणि बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता. ती आत दात घासत होती.

अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. माणसाला बाहेर काढायचं आणि त्याच्या जागी आत एक दिवा ठेवायचा. स्पिरिटचा, तोलून भरलेला. तो जळताना किती हवा खाणार हे पक्कं ठाऊक असतं. यंत्राने तेवढंच दाखवलं तर यंत्र खरं. आम्ही दिवा लावला. त्या रिकाम्या खोलीत, पलंगाशेजारी, एवढीशी निळी ज्योत. पडदेवाली माझ्या बाजूला काचेला नाक लावून उभी.

“माझ्या जागी दिवा?” तिने हळूच विचारलं.

“तुम्ही पण तेच करता आत बसून,” मी म्हटलं. “जळता.”

आम्ही दोघी त्या ज्योतीकडे बघत राहिलो.

यंत्र खरं निघालं. नळी कुठेच गळत नव्हती. तिला पुन्हा आत ठेवलं, आणि रेघ पुन्हा तिथेच, खाली. तिचं शरीर खरोखरच इतक्या थोडक्यात भागवत होतं. मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले. कोणी न शिकवता, कोणाला न सांगता, त्या देहाने आत केवढी काटकसर केली होती! दिलं त्यात निभावलं आणि वर शिड्या चढल्या, मशीन चालवलं, म्हातारीला सांभाळलं, विनोद केले. मला हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.

निकाल सांगायच्या दिवशी पडदेवालीने आईला आणलं. म्हातारी बुटकी, ताठ, हात अजून कामसू. खुर्चीवर अगदी टोकाला बसली. मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“आजी, तुमची मुलगी सांगते तेवढंच खाते. आम्ही दोनदा तपासलं. तिचं शरीरच फार थोडं जाळतं.”

“असं कसं असेल?” म्हातारी म्हणाली. “मी जन्मभर शेकड्यांनी पोरं जेवू घातली. खाल्ल्याशिवाय कोणी असं भरत नाही.”

“काहींचं शरीर जन्मतःच थोडं जाळतं. आणि वारंवार जेवण तोडलं तर शरीर आणखी जपून वागायला लागतं. हिच्या बाबतीत कशाचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही. पण लपूनछपून काही नाही, हे नक्की.”

मला वाटलं, आता म्हातारी मॅडमशी हुज्जत घालेल. माझी जीभही तयारच होती. पडदेवाली आईकडे बघत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. इतक्या वर्षांचं तिचं मागणं पुरं झालं होतं आणि तिला कुठे बघावं ते समजत नव्हतं.

“म्हणजे तेव्हाही नाही?” म्हातारीने विचारलं. आता ती मॅडमशी नाही, लेकीशी बोलत होती. “शाळेत होतीस तेव्हाही नाही?”

“नाही आई.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“मग भूक लागायची का गं तुला?”

पडदेवालीने मान वर केली. हा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा. आम्हीही विचारला नव्हता.

“लागायची की,” ती म्हणाली. “रोज लागायची.”

“मला वाटायचं तू चोरून खातेस,” म्हातारी म्हणाली. “मी ओरडायचे तुला. पण मनात म्हणायचे, खाते तर खाऊ दे, पोर उपाशी तरी नाही. म्हणून तर मला झोप लागायची गं.”