डांबर, खडी, बर्फ

आजार आला तेव्हा ह्यांच्या तोंडात तीनच शब्द उरले, आणि तेही आमच्या गाडीच्या खटक्याचे. उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा एका सकाळी गेली. 'पाणी' गेलं, 'नको' गेलं, मला हाक मारायचं 'अगं' गेलं. डांबर, खडी आणि बर्फ तेवढे राहिले. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूत कुठला शब्द कुठे ठेवलेला असतो ते सांगता येत नाही. मला मात्र भयंकर राग आला होता. इतक्या वर्षांचा संसार, आणि त्यातून वाचलं काय, तर गाडीचं सामान!

हे रेल्वेत सिग्नल विभागात होते आणि मी सरावलीच्या शाळेत शिक्षिका. आमच्यासारखी माणसं घेतात तसली गाडी सोडून ह्यांनी गावच्या जमिनीचा आपला वाटा विकला आणि एक जुनी जपानी गाडी आणली. चारही चाकांना जोर पोचवणारी, शर्यतीच्या जातीची, आणि बुडाने इतकी खाली की स्पीडब्रेकरवर तिरकी चढवावी लागे. जाऊबाईंनी विचारलं, "डहाणूत हिचं काय करणार भाऊजी, चिकू वाहणार?" सगळ्यांबरोबर मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला अंगणात बोलावलं. "हात धर माझा. टाकीला वळसा घालू. मी आत, तू बाहेर." पाण्याच्या टाकीभोवती आम्ही हातात हात घालून फिरलो. ह्यांची पावलं लहान पडत होती, मला लांब टाकावी लागत होती.

"कळलं? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. दोन चाकांच्या मधलं साधं डिफरन्शियल दोघांना आपापल्या चालीने चालू देतं, बस. पण एक चाक चिखलात फिरायला लागलं की सगळा जोर तिथेच फुकट जातो. आपल्या गाडीतलं शहाणं आहे. स्टिअरिंग किती वळलंय, कुठलं चाक किती फिरतंय, सगळं बघतं आणि ठरवतं कुणाला किती जोर द्यायचा. आता तू मला बाहेरून रेट."

मी रेटलं. जरा जास्तच रेटलं, कारण कालचा जाऊबाईंचा टोमणा अजून डोक्यात होता आणि जमिनीचाही राग होता. हे गर्रकन आत वळले आणि टाकीवर आपटता आपटता वाचले. "हेच!" म्हणाले. "बाहेरचं चाक जास्त रेटतं म्हणून तोंड आत येतं."

तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते मला कमरेत कळलं. वळणात पाय दाबला की इतर गाड्यांचं नाक बाहेर गवताकडे जायला बघतं. आमच्या गाडीचं नाक उलट आत यायचं, आणि मागून कुणीतरी सीटला हळूच कोपर लावल्यासारखं वाटायचं. ह्यांना वेगाचं फार कौतुक नव्हतं. तेच वळण दोनदा घ्यायला मात्र हे परत मागे फिरत. आणि दर वेळी एक वाक्य ठरलेलं असे. "ते पकड तयार नाही करत गं. आहे ती वाटून देतं. टायरखाली काहीच नसेल तर ते तरी काय करणार?"

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधेही तसलंच एक होतं, आणि त्याला रस्ता कसला आहे ते सांगायला स्टिअरिंगवर खटका होता. वर दाबला की तीन दिव्यांतला पुढचा लागे, खाली दाबला की आधीचा. त्यांची नावं इंग्रजीत होती. मी शाळेतल्या अक्षरात 'डांबर, खडी, बर्फ' अशी पट्टी लिहून खाली चिकटवली. डांबरावर ठेवलं की वळताना पुढची-मागची चाकं मोकळी राहत आणि वळणातून बाहेर येताना आवळली जात. खडीवर ती आधीच आवळली जात. स्टिअरिंग जरा जड होई, पण पावसाळ्यात गंजाडचा रस्ता उखडला की गाडी फटकत नसे. बर्फावर काय होतं ते फक्त ह्यांनी वाचलेलं होतं. चारही चाकं एकमेकांना धरून हळू निघतात म्हणे. तो दिवा आमच्याकडे कधी लागलाच नाही.

"एकदा दाबून तर बघू," मी म्हणायची.

"अजिबात नाही. ते हिमाचलात." ह्यांच्या रिटायरमेंटनंतर बर्फात जायचं आणि तिथे तो खटका मी दाबायचा, असं ठरलं होतं. डहाणूच्या उकाड्यात घाम पुसत मी दोघांचे लोकरीचे मोजे विणून ठेवले होते. रिटायरमेंट झाली, आणि त्याच थंडीत झटका आला.

ह्यांचे शब्द मला हळूहळू लागले. डांबर म्हणजे बरं, हो, राहू दे. खडी म्हणजे दुखतंय, नको, चुकलं. बघायला येणारे म्हणत, बिचारे भ्रमात बडबडतात. मी त्यांना चहा देऊन वाटेला लावत असे.

डॉक्टरांनी चालवायला सांगितलं तेव्हा आम्ही पुन्हा टाकीभोवती फिरू लागलो. उजवीकडे वळणं जमे. डावीकडे वळताना उजवा पाय बाहेरच्या बाजूला येई, त्यालाच जास्त चालायचं असे आणि त्याच्यातच जीव नव्हता. मी उजव्या बाजूने ह्यांना धरून बाहेरून रेटत असे. पहिल्यांदा पूर्ण वळसा झाला तेव्हा हे म्हणाले, "डांबर." मी ह्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडले.

मग मी ती गाडी चालवायला शिकले. हे डावीकडच्या सीटवर बसत. उधव्याच्या पहिल्या वळणात घाबरून मी मधेच पाय उचलला, गाडी डचमळली, आणि बाजूने ओरडा आला, "खडी! खडी!" पुढच्या वळणात मी पाय तसाच ठेवला. मागून ते कोपर लागलं, नाक आत आलं. "डांबर," हे म्हणाले आणि डाव्या हाताने माझ्या मांडीवर थोपटलं. आजारानंतरची आमची सुखाची जागा म्हणजे तो रस्ता.

मे महिन्यातल्या एका दुपारी हे पलंगावरून म्हणाले, "बर्फ." आजारात हा शब्द फारसा आलाच नव्हता. मी धावत फ्रिजमधला बर्फ वाटीत आणला आणि रुमालात गुंडाळून ओठांना लावला. ह्यांनी मान फिरवली. "बर्फ." मी कपाळावर ठेवला. ह्यांनी डाव्या हाताने वाटी उडवली. तुकडे फरशीवर पसरले. मीही ओरडले, "मग हवंय तरी काय तुम्हाला?" ह्यांनी खिळ्यावरच्या गाडीच्या किल्लीकडे बोट केलं. फ्रिजमधला तो बर्फ आणि हिमाचलातला तोही बर्फच. जन्मभर मराठी शिकवली, आणि ऐन वेळी मला एकच अर्थ आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना घेऊन मी उधव्याच्या रस्त्याला लागले. ताडांच्या सावल्याही तापल्या होत्या. सरळ रस्ता बघून मी खटका वर दाबला, पुन्हा दाबला, आणि तिसरा दिवा लागला. "घ्या," मी म्हटलं, "झालं बर्फ."

हे दिव्याकडे बघत राहिले. मग डावा हात आडवा घालून ह्यांनी खटका खाली दाबला, आणखी एकदा दाबला. पुन्हा डांबराचा दिवा. आणि नाही म्हणून मान हलवली.

तेव्हा मला कळलं. मला वाटलं होतं, ह्यांना तो दिवा लागलेला बघायचाय. हे तर तो अजून राखून ठेवत होते. हे हिमाचलात जाणार होते. लांबचा प्रवास आता झेपायचा नाही, हे डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि ह्यांना ते सांगायची माझी छाती नव्हती. "दिवाळीनंतर जाऊ," मी म्हटलं.

"डांबर," हे म्हणाले. इतके खूश मी ह्यांना आजारात कधी पाहिलं नव्हतं. गणपती यायच्या आधीच हे गेले.

असली गाडी उभी ठेवली की बिघडते. म्हणून यंदा ती विकायला काढली आणि वापीहून एक जण बघायला आला. तरुण, पण बोलायला अदबशीर. फेरी मारायला मी त्याला उधव्याच्याच रस्त्यावर नेलं आणि ह्यांच्या सीटवर बसले. वळणात त्याने पाय दाबला, गाडी आत आली, तो "वाह!" म्हणाला. मला ते आवडलं. मग त्याचं बोट खटक्याकडे गेलं. एकदा दाबलं, खडी. पुन्हा दाबायला गेला तेव्हा माझा हात आपोआप आडवा गेला आणि मी खटका खाली केला.

तो चपापला. मग खालची पट्टी वाचून म्हणाला, "केम बेन, आ बरफवाळुं बगडी गयुं छे?"

"बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "आम्ही जाणार होतो."